ब्रिटिश सिनेमातला कामगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामगारवर्गीय चित्रपट कोणाला म्हणायचं? पडद्यावर कामगार दिसला की झालं?

तेवढ्यानं भागत नाही. नोकर, शिपाई, मोलकरीण ही माणसं ब्रिटिश सिनेमात पहिल्यापासून होती. पण ती दार उघडण्यापुरती, चहा आणण्यापुरती किंवा हशा मिळवण्यापुरती यायची. गोष्टच जेव्हा त्यांची होते, पगाराचं पाकीट, घरभाडं, कारखान्यातली पाळी, संप, पब, लग्नाआधीचं गरोदरपण यांच्याभोवती फिरते आणि कॅमेरा त्यांच्या घरात मुक्कामाला राहतो, तेव्हा त्या चित्रपटाला हे नाव शोभतं. घरातल्या घरात बोलतात ती बोली पडद्यावर तशीच येणं हीही मोठी खूण आहे.

या चित्रपटांची चलती कधी होती आणि कधी नव्हती?

ढोबळमानानं सांगायचं तर १९५९ ते १९६३ हा पहिला बहर. मग दोन दशकं हा प्रकार मुख्यतः टीव्हीवर जगला. १९८० नंतर टीव्हीच्याच पैशावर तो चित्रपटगृहात परतला, १९९६ ते २००० मध्ये त्यानं गल्ला गोळा केला. त्यानंतर तो महोत्सवांत मानाचा आणि तिकीटबारीवर बेताचा राहिला.

बरेच जण यावरून म्हणतात की लोकांची आवड बदलत गेली. मला हे अर्धवट वाटतं. आपली गोष्ट बघायला कामगार प्रेक्षक नेहमीच तयार होता. तो फक्त थिएटरातून उठून घरातल्या टीव्हीसमोर जाऊन बसला. त्याच्या गोष्टी सांगायला पैसे कोण देतो आणि त्या दाखवायला जागा कोण देतो, यावर ही चढउतार जास्त ठरली. पुढच्या उत्तरांत हेच पुन्हा पुन्हा दिसेल.

‘किचन सिंक’ हे नाव कुठून आलं?

सिनेमातून नव्हे, चित्रकलेतून. डेव्हिड सिल्वेस्टर या समीक्षकानं १९५४ मध्ये जॉन ब्रॅटबी आणि त्याच्यासारख्या तरुण चित्रकारांवर लिहिताना हा शब्द वापरला. ही मंडळी स्वयंपाकघरातली टेबलं, खरकटी भांडी, मोरी असं काहीबाही रंगवत होती. मग तो शब्द नाटकांना चिकटला आणि तिथून चित्रपटांना. त्यात थोडा नाक मुरडण्याचा भाव होताच. तरी नाव चपखल बसलं, कारण आईबाप, पोरं आणि पैशाची तंगी यांच्यातली खरी भांडणं स्वयंपाकघरातच होतात.

१९५९ च्या आधी असे चित्रपट नव्हतेच का?

होते, पण वाट बिकट होती. वॉल्टर ग्रीनवूडची ‘लव्ह ऑन द डोल’ ही मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डमधल्या बेकारीवरची कादंबरी १९३३ ची. ती खूप वाचली गेली, तिचं नाटकही चाललं. १९३६ मध्ये चित्रपटाचा प्रस्ताव गेला तेव्हा सेन्सॉरनं तो नाकारला. बेकारांची हलाखी पडद्यावर दाखवणं सरकारच्या आणि सेन्सॉरच्या दृष्टीनं धोक्याचं होतं. महायुद्ध सुरू झालं, बेकारी ओसरली, कामगाराची देशाला गरज पडली, आणि १९४१ मध्ये तोच चित्रपट बिनबोभाट आला. पाच वर्षांत कादंबरी बदलली नव्हती. बदलली होती ती परवानगी देणाऱ्यांची गरज.

तीसच्या दशकात सर्वांत लाडकी नटी होती ग्रेसी फील्ड्स, रॉचडेलची, लहानपणी सूतगिरणीत काम केलेली. ‘सिंग अ‍ॅज वी गो’ (१९३४) मध्ये ती गिरणी बंद पडून बेकार झालेली मुलगी आहे. हसत, गात ती वेळ मारून नेते. कामगाराचं दुःख गाण्याच्या आवरणात चालायचं, उघडं चालत नव्हतं.

मग १९५९ ते १९६३ या चारपाच वर्षांत एवढं काय घडलं?

बऱ्याच गोष्टी एकदम जुळून आल्या. १९५६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरात लिंडसे अँडरसन, कारेल राइस, टोनी रिचर्डसन आणि लोरेन्झा माझ्झेत्ती यांनी ‘फ्री सिनेमा’ या नावाखाली आपल्या छोट्या फिल्म दाखवल्या. मे महिन्यात लंडनच्या रॉयल कोर्ट या नाट्यगृहात जॉन ऑस्बर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’ रंगभूमीवर आलं. उत्तरेकडच्या कामगार वस्त्यांतून आलेले तरुण लेखक कादंबऱ्या लिहू लागले होते, आणि त्या खपत होत्या. १९५८ मध्ये ऑस्बर्न, रिचर्डसन आणि निर्माता हॅरी साल्ट्झमन यांनी वुडफॉल ही कंपनी काढली. फिल्म जास्त संवेदनशील झाली, कॅमेरे हलके झाले, त्यामुळे स्टुडिओ सोडून खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या घरांत चित्रीकरण करता येऊ लागलं. सेन्सॉरनंही हात थोडा सैल सोडला. सोळा वर्षांखालच्यांना बंदी असलेलं ‘एक्स’ प्रमाणपत्र १९५१ पासून होतं, आता त्याच्या आडोशानं प्रौढांच्या गोष्टी प्रौढांना सांगता आल्या.

सुरुवात ‘रूम अ‍ॅट द टॉप’नं (१९५९) केली. सिमोन सिन्योरेला त्यातल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. पण माझ्या मते खरा दणका दिला तो १९६० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’नं. अ‍ॅलन सिलिटोची कादंबरी, नॉटिंगहॅम शहर, रॅलेची सायकल फॅक्टरी. सिलिटो स्वतः पोरवयात त्या कारखान्यात राबला होता. चित्रपट उघडतो तो लेथवर. आर्थर सीटन नगावर मजुरी मिळणारं काम करतोय, मनात नग मोजतोय, आणि जास्त काम केलं तर दर कमी करतील हे त्याला पक्कं माहीत आहे. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे क्षणात कळतं. आर्थर गरीब बिचारा नाही. हातात पैसा आहे, अंगावर चांगला सूट आहे, शनिवारची रात्र आहे, आणि कोणापुढे मान तुकवायची नाही ही जिद्द आहे. अल्बर्ट फिनी स्वतः सॅलफर्डचा. त्याच्या तोंडी ती बोली उसनी वाटली नाही. चित्रपट जोरात चालला, आणि तो बघायला गर्दी केली ती आर्थरच्याच वयाच्या, हातात पगार खुळखुळणाऱ्या तरुणांनी.

पाठोपाठ ‘अ टेस्ट ऑफ हनी’ (१९६१) आला. मूळ नाटक लिहिलं तेव्हा शीला डिलेनी विशीसुद्धा ओलांडलेली नव्हती. बस कंपनीतल्या निरीक्षकाची ही मुलगी, सॅलफर्डचीच. त्यात कुमारी माता आहे, कृष्णवर्णीय खलाशी आहे, आणि त्या मुलीची आईसारखी काळजी घेणारा समलिंगी मित्र आहे. १९६१ मध्ये पुरुषांमधला समलिंगी संबंध ब्रिटनमध्ये गुन्हा होता, हे लक्षात ठेवून तो मित्र बघावा. रीटा टशिंगहॅम आणि मरी मेल्विन दोघांनाही फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचे पुरस्कार मिळाले. ‘अ काइंड ऑफ लव्हिंग’ला १९६२ मध्ये बर्लिन महोत्सवाचं सोनेरी अस्वल हे पारितोषिक मिळालं. टॉम कोर्टनी हा हल बंदरातल्या बोटी रंगवणाऱ्याचा मुलगा ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’चा नायक झाला.

एवढं चालत होतं तर १९६३ नंतर लाट ओसरली का?

‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ (१९६३) हे सरळ उत्तर सांगितलं जातं. रग्बी लीग खेळणाऱ्या खाणकामगाराची ती गोष्ट, रिचर्ड हॅरिसचं जबरदस्त काम, कानचा पुरस्कार, आणि तिकीटबारीवर आपटी. रँक या बड्या चित्रपट कंपनीच्या प्रमुखांनी असले कळकट चित्रपट आता नकोत असं जाहीरच केलं. त्याच वर्षी वुडफॉलनं ‘टॉम जोन्स’ काढला. दिग्दर्शक रिचर्डसन, पटकथा ऑस्बर्न, नायक फिनी, सगळी आपलीच माणसं. पण अठराव्या शतकातली रंगीत धमाल. त्याला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि अमेरिकी पैसा धो धो आला. तोवर साल्ट्झमन वुडफॉल सोडून जेम्स बाँडकडे गेला होता. लेथवरच्या आर्थरचा निर्माता दोन वर्षांत ‘डॉक्टर नो’चा निर्माता झाला, यातच पैशानं कशी कूस बदलली ते दिसतं. ‘बिली लायर’च्या (१९६३) शेवटी ज्युली क्रिस्टी लंडनच्या गाडीत बसून निघून जाते. तिच्यामागोमाग कॅमेराही उत्तरेतून लंडनला गेला.

दुसरं उत्तर कमी सांगितलं जातं. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये वर्षाला १६३ कोटी तिकिटं विकली गेली होती. १९६० पर्यंत ती ५० कोटींवर आली, आणि १९८४ मध्ये ५.४ कोटींवर. थिएटर सोडणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा कामगार कुटुंबांचाच होता, कारण तीच आठवड्याला दोनदा जाणारी मंडळी होती. आणि ‘सॅटर्डे नाइट’नंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, ९ डिसेंबर १९६० ला, ‘कोरोनेशन स्ट्रीट’ टीव्हीवर सुरू झाली. सॅलफर्डसारखीच गल्ली, तसाच पब, तीच बोली, आठवड्यातून दोनदा, घरबसल्या. ती अजून सुरू आहे. तिकीट काढून तेच बघायला कोण जाईल?

म्हणजे टीव्हीनं हा सिनेमा मारला?

उलट त्यानं त्याला जगवलं, असं मी म्हणेन. केन लोच, माइक ली, अ‍ॅलन क्लार्क या दिग्दर्शकांना घडवलं ते बीबीसीच्या ‘वेन्सडे प्ले’ आणि ‘प्ले फॉर टुडे’ या मालिकांनी. १६ नोव्हेंबर १९६६ ला लोचची ‘कॅथी कम होम’ ही टीव्ही-फिल्म दाखवली गेली. नवऱ्याला अपघात होतो, कमाई थांबते, घर जातं, आणि शेवटी स्टेशनवर कॅथीकडून तिची मुलं हिसकावून नेतात. सुमारे सव्वा कोटी लोकांनी ती एका रात्रीत पाहिली. पंधरवड्यानं ‘शेल्टर’ ही बेघरांसाठीची संस्था सुरू झाली. ती आधीच ठरलेली होती, पण ‘कॅथी’नं तिच्यासाठी लोकांची मनं तयार केली.

माइक लीचा पहिला चित्रपट १९७१ चा, दुसरा चित्रपटगृहासाठीचा १९८८ चा. मधली सतरा वर्षं हा माणूस टीव्हीवर काम करत होता. सिनेमाच्या इतिहासात त्या वर्षांची जागा रिकामी दिसते. प्रेक्षकांच्या आठवणीत ती गच्च भरलेली आहे.

‘केस’बद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण तो पाहिल्यावर माणूस बराच वेळ गप्प होतो. निदान माझं तसं झालं.

केन लोचचा हा १९६९ चा चित्रपट. बार्न्सली हे यॉर्कशरमधलं कोळशाच्या खाणींचं गाव. बिली कॅस्पर पंधरा वर्षांचा. बाप घर सोडून गेलेला, मोठा भाऊ खाणीत, आणि शाळा संपली की त्यालाही खाणीतच जायचंय असं सगळ्यांनी धरून चाललेलं. त्याला एक छोटा ससाणा सापडतो, केस्ट्रल, म्हणून केस. पुस्तक चोरून तो त्या पक्ष्याला शिकवतो. वर्गात एक शिक्षक त्याला त्याबद्दल बोलायला लावतात, आणि ज्याच्याकडे कोणी कधी लक्ष दिलं नाही तो पोरगा अख्ख्या वर्गाला खिळवून ठेवतो. ते सहासात मिनिटांचं बोलणं बघताना कळतं की या मुलाकडे बुद्धी आहे, चिकाटी आहे, हात आहे, आणि हे गाव, ही शाळा त्यातलं काहीही वापरणार नाही.

कादंबरी बॅरी हाइन्सची, तो तिथलाच, शिक्षक होता. बिली झालेला डेव्हिड ब्रॅडली तिथल्याच शाळेतला मुलगा. फुटबॉलच्या तासाला स्वतःच बॉबी चार्लटन बनून पोरांना तुडवणारा पीटी मास्तर म्हणजे ब्रायन ग्लोव्हर, जो खरोखर शिक्षक होता आणि कुस्त्याही खेळायचा. वितरकांना वाटलं ही बोली लंडनमध्येही कोणाला कळणार नाही. म्हणून चित्रपट आधी उत्तरेत लावला. तिथं तो चालला, मग दक्षिणेत गेला. १९९९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं विसाव्या शतकातल्या १०० ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, त्यात ‘केस’ सातवा होता. ज्याला थिएटर मिळायची मारामार होती त्याचं हे पुढचं नशीब.

थॅचरबाईंच्या काळात कारखाने बंद पडले. सिनेमानं ते दाखवलं का?

लगेच आणि थेट दाखवलं ते पुन्हा टीव्हीनंच. जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला. त्याच वर्षी ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ ही लिव्हरपूलच्या बेकार डांबरकामगारांची मालिका बीबीसी टूवर आली, आणि लोकांच्या मागणीमुळे काही महिन्यांतच बीबीसी वनवर पुन्हा दाखवावी लागली. चॅनेल फोर २ नोव्हेंबर १९८२ ला सुरू झालं, आणि त्यानं सुरुवातीपासून चित्रपटांत पैसे घातले. ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ (१९८५) टीव्हीसाठी १६ मिलिमीटरवर काढलेला. एडिनबरा महोत्सवात इतका गाजला की थिएटरात लावला.

१९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मात्र मोठ्या पडद्यावर यायला दहा-पंधरा वर्षं लागली. हरलेल्या लढाईची गोष्ट सांगायला तेवढा काळ जावाच लागतो की काय, कोण जाणे. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपावर आपल्याकडे ‘लालबाग परळ’ आला तो २०१० मध्ये.

‘द फुल माँटी’सारखे हसवणारे चित्रपट यात धरायचे का?

धरायचे, आणि मानानं धरायचे. ‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६), ‘द फुल माँटी’ (१९९७) आणि ‘बिली एलियट’ (२०००) या तिघांनी जेवढे लोक खेचले तेवढे गंभीर नाट्यांनी कधी खेचले नाहीत. ‘फुल माँटी’चा खर्च सुमारे ३५ लाख डॉलर, जगभरची कमाई २५ कोटी डॉलरच्या पुढे. शेफिल्डच्या बेकार पोलादकामगारांनी पैशासाठी स्टेजवर कपडे उतरवायचे, ही कल्पना विनोदी आहे. पण त्यात बेकार भत्त्याच्या रांगेत उभे असताना गाणं लागतं आणि ओळीतल्या माणसांचे खांदे, पाय नकळत हलू लागतात, तिथं त्या माणसांच्या अंगात अजून काय शिल्लक आहे ते कळतं. नोकरी गेल्याचं सहा महिने बायकोपासून लपवणारा त्यातला फोरमन विनोदी नाही.

‘ब्रास्ड ऑफ’मागे यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्प या खाणगावाची खरी गोष्ट आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारनं ३१ खाणी बंद करायचं जाहीर केलं. त्यात त्यांची खाणही होती. त्यानंतर काही दिवसांतच त्या खाणीच्या बँडनं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. चित्रपटातलं वादन त्याच बँडचं आहे.

या चित्रपटांवर आक्षेप असा की एक माणूस नाचून बाहेर पडतो किंवा एका रात्रीची मजा होते, गाव मात्र तसंच राहतं. आक्षेप खरा आहे. ‘बिली एलियट’मध्ये बॅले शिकायला निघालेला बिली लंडनच्या बसमध्ये बसतो आणि बाप-भाऊ खाणीच्या लिफ्टमधून पुन्हा खाली उतरतात, हे दिग्दर्शकानं शेजारीशेजारी दाखवलंय, तेही विसरू नये.

हे चित्रपट खरंच कामगारांच्या घरातली माणसं बनवतात का?

लिहिणारे आणि अभिनय करणारे बऱ्याचदा तिथले, दिग्दर्शक क्वचित. साठच्या लाटेतला अँडरसन बंगलोरला जन्मलेला, लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा, ऑक्सफर्डचा. राइस चेकोस्लोव्हाकियातून लहानपणी आलेला निर्वासित, केंब्रिजचा. त्या चित्रपटांत टेकडीवरून दिसणारं धुराड्यांचं गाव वारंवार येतं. फार सुंदर दृश्य असतं ते, पण गावात राहणारा रोज टेकडीवर चढून गाव बघत नाही. लोचचा बाप कारखान्यात इलेक्ट्रिशियन, पोरगा हुशार मुलांना निवडून घेणाऱ्या ग्रामर स्कूलमधून ऑक्सफर्डला गेला.

आतून आलेली नजर हवी असेल तर टेरेन्स डेव्हिसचा ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’ (१९८८) बघा. लिव्हरपूलचं त्याचं स्वतःचं घर, मारकुटा बाप, आणि बायकांची पबमधली गाणी. किंवा अँड्रिया डनबर, ब्रॅडफर्डच्या बटरशॉ वस्तीतली. तिनं लिहिलेला ‘रीटा, सू अँड बॉब टू’ १९८७ मध्ये आला, आणि १९९० मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी ती गेली. डार्टफर्डमध्ये नगरपालिकेच्या घरांच्या वस्तीत वाढलेल्या अँड्रिया अर्नल्डच्या ‘फिश टँक’ला २००९ मध्ये कानचं ज्यूरी पारितोषिक मिळालं.

आज काळजीची गोष्ट ही की ही वाट अरुंद झालीय. फिनी आणि कोर्टनी नाट्यशिक्षण घेऊ शकले ते शिष्यवृत्त्या-अनुदानांच्या मदतीवर. विद्यार्थ्यांची अनुदानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंद झाली आणि १९९८ पासून फी सुरू झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सर्जनशील क्षेत्रांत काम करणाऱ्यांपैकी १९५३ ते १९६२ दरम्यान जन्मलेल्यांत १६.४ टक्के कामगार घरांतले होते. चार दशकांनंतर जन्मलेल्यांत ते ७.९ टक्क्यांवर आले. उद्याची शीला डिलेनी लिहील कदाचित, पण घरभाडं भरून लिहायला तिला वेळ कुठून मिळणार?

यात सगळे गोरे पुरुषच का दिसतात?

पहिल्या लाटेपुरतं हे बरंचसं खरं आहे, पुढे नाही. मुळात १९४० च्या ‘द प्राउड व्हॅली’त पॉल रोब्सन हा कृष्णवर्णीय अमेरिकी गायक-नट वेल्श खाणकामगारांत सामील होतो. होरेस ओव्हेचा ‘प्रेशर’ (१९७६) हा ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. ‘ईस्ट इज ईस्ट’ (१९९९) पुन्हा सॅलफर्डमध्ये नेतो, १९७१ सालच्या, मासे आणि बटाट्याच्या कापांच्या दुकानात. त्यातला बाप, जॉर्ज खान, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले ओम पुरी. मुलांवर हात उगारणारा आणि तरीही आतून घाबरलेला तो बाप त्यांनी असा उभा केलाय की त्याचा राग येतो आणि कीवही. ‘रॉक्स’ (२०१९) लंडनच्या हॅकनीतल्या मुलींचा आहे आणि त्यातल्या मुलींनीच तो सराववर्गांत घडवत नेला.

आज हा प्रकार लोकप्रिय आहे का?

थिएटरात मर्यादित, चर्चेत भरपूर. लोचच्या ‘आय, डॅनियल ब्लेक’ला २०१६ मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्णपर्ण, मिळालं. हृदयविकार झालेल्या न्यूकॅसलच्या सुताराला सरकारी भत्त्यासाठी फॉर्म, संगणक आणि फोनच्या रांगेत कसं झिजवलं जातं, ते त्यात आहे. त्याच वर्षी संसदेत विरोधी पक्षनेत्यानं पंतप्रधानांना हा चित्रपट बघा असं सांगितलं. ‘सॉरी वी मिस्ड यू’मध्ये (२०१९) घरोघरी पार्सल पोचवणारा आहे, स्वतःची व्हॅन, स्वतःचा धोका, आणि वर मालक म्हणतो तू नोकर नाहीस. पुण्या-मुंबईत दारावर पार्सल घेऊन येणाऱ्या मुलांना हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही.

आणि मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘अ‍ॅडोलसन्स’ ही मालिका आली. यॉर्कशरमधल्या प्लंबरचं घर, तेरा वर्षांचा मुलगा, प्रत्येक भाग एकाच अखंड शॉटमध्ये. ती जगभर पाहिली गेली. तिच्यातला बाप झालेला स्टीफन ग्रॅहम शेन मेडोजच्या ‘धिस इज इंग्लंड’मधून (२००६) पुढे आला. १९६६ सारखंच, मोठा प्रेक्षक पुन्हा घरातल्या पडद्यासमोर सापडला.

बोली कळत नाही. काय करावं?

निःसंकोच सबटायटल लावावीत. लोचच्या ग्लासगोजवळ घडणाऱ्या ‘स्वीट सिक्स्टीन’ला (२००२) खुद्द ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या भागाला सबटायटल होती.

सुरुवात कुठून करू?

‘केस’पासून. मग ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’, म्हणजे त्याच कामगारवर्गातला हताश मुलगा आणि खिशात पैसे असलेला तरुण दोन्ही दिसतील. घरच्यांबरोबर बसायचं असेल तर ‘ब्रास्ड ऑफ’. ‘डिस्टंट व्हॉइसेस’ एकट्यानं, रात्री, फोन बाजूला ठेवून. आणि ‘आय, डॅनियल ब्लेक’मध्ये गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात भुकेली आई डबा तिथंच फोडून उभ्याउभ्या खाते, तो प्रसंग येईल तेव्हा चित्रपट थांबवावासा वाटला तर थांबवा. मीही थांबवला होता. पाणी पिऊन या आणि पुढचा बघा.